दुर्पतानं मोडलेला बेलभंडारा

दुर्पता मेली तेव्हासुद्धा मला तिचा हेवाच वाटला. खोटं कशाला बोलू? अंगणात तिला निजवलेलं. हिरवं लुगडं, हातात हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, आणि उशाशी नवरा लेकरासारखा हमसून रडत होता. बाया एकमेकींच्या कानात म्हणत होत्या, "नशीबवान गं बाई, अहेव गेली." मी आपली भिंतीकडेला उभी. कुंकवाच्या कामाला विधवेला कोण पुढं बोलावतंय? मनात म्हटलं, घ्या, जातानासुद्धा ही माझ्यापुढंच.

वारंगा फाट्यापासून आत आमचं गाव. गावात धनगरांची एक गल्ली, तिच्यात तिचं घर आणि माझं घर लागून. मधे कमरेएवढी भिंत. ती भिंत तिनं कधी मानलीच नाही. लुगडं आवरून पाय टाकायची ते थेट माझ्या चुलीपाशी. झाकण उघडायचं, बोट बुडवायचं, चाखायचं.

"मीठ कमी हाय."

नाही विचारलं, नाही सवरलं! माझ्या घरात माझ्या कालवणाला नावं ठेवायची, आणि वर वाटीभर घेऊनही जायची. मला अस्सा संताप यायचा. आणि मीठ खरंच कमी असायचं, त्यानं तर जास्तच.

ती साखरा गावची लेक. उंच, काळीसावळी, दात पांढरेशुभ्र. माळावर उभी राहून हाक मारली की तिच्या शेळ्या होत्या तिथून पळत यायच्या. मी हाक मारली तर दारातलं कुत्रं मान वर करत नसे. मी शिलाई मशीन चालवते, दहावीपर्यंत शिकलेली, चारचौघीत बसायची-बोलायची रीत मला कळते. पण गल्लीतल्या बाया ब्लाऊज माझ्याकडं टाकायच्या आणि गप्पा मारायला तिच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. तिच्या शेळ्यांनासुद्धा जुळी व्हायची. एका खोडकर शेळीला तिनं सासूचं नाव ठेवलं होतं, आणि सासू ओट्यावर बसलेली असताना त्या नावानं शेळीला शिव्या घालायची. सासू पदर तोंडाला लावून हसायची. माझी सासू असती तर तिनं मला त्याच दिवशी माहेरी पाठवलं असतं.

एकदा माझ्याकडं ब्लाऊज शिवायला आली. म्हणे पाठीला नाडी लाव आन् गोंडे लाव.

मी म्हटलं, "आता ह्या वयात गोंडे?"

"काहून? माझी पाठ म्हातारी झाली का?"

मी मुद्दाम गोंडे बारकेसे लावले, लोकांना दिसणारसुद्धा नाहीत असे. तिला तेच आवडले. नवऱ्यापुढं पाठ करून विचारते, "कसे हायेत?" आणि तो किसन, सकाळपासून पिऊन तर्र असलेला, डोळे बारीक करून म्हणतो, "लई झ्याक!" मी मशीनवर खाली मान घालून पाय मारत राहिले.

हो, पीत होता तो. रोज, आणि सकाळी चूळ भरायच्या आधीपासून. आमचे मालकही पीत होते. तसं पाहिलं तर आमच्या दोघींचं नशीब सारखंच. पण कसलं सारखं? आमचे मालक ट्रॅक्टरवर होते. प्यायले की गप्प व्हायचे, भिंतीकडं तोंड करून बसायचे, ताटाला हात लावायचे नाहीत. तिचा किसन प्यायला की गाणं म्हणत यायचा. मेंढरं वाटेत कुणाच्या रानात विसरायचा, पण जिलबीचा पुडा विसरायचा नाही. ती दारात काठी घेऊन उभी, हा पुडा पुढं करून उभा. आरडाओरड, हसणं, रडणं, सगळं भिंतीवरून माझ्या घरात यायचं. मला तिच्या बेवड्या नवऱ्याचासुद्धा हेवा वाटायचा. आता काय म्हणावं!

आमच्या गल्लीत दारू सोडायची एकच रीत. खंडोबापुढं बेलभंडारा उचलायचा. देवापुढचं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ओंजळीत घ्यायचा, आणि गल्लीसमक्ष बोलायचं, आजपासून थेंब घेणार नाही. झालं. मग घेतला तर देव बघून घेईल. आणि ज्यानं त्याला पाजली त्याच्या घरादाराचं वाटोळं. भागोजीतात्या, म्हणजे गल्लीचे कारभारी, पुढं उभे राहून हे सगळं वदवून घेतात.

आमच्या मालकांनी बेलभंडारा उचलला तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. कपाळाला भंडारा लावून घरी आले, मी ओवाळलं. त्या दिवशी गल्लीतल्या बाया माझ्या ओट्यावर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले. चहाची बशी धरवेना. मग घाम, ओकाऱ्या, डोळ्याला डोळा नाही. तात्या येऊन बघून गेले. म्हणाले, "इष निघून राह्यलंय आंगातलं. निघू द्या." सगळे तेच म्हणाले. मीही म्हटलं, दुर्पताही म्हणाली. ती माझ्याबरोबर त्यांचे पाय चोळत बसायची, भाऊजी भाऊजी करून त्यांना पाणी पाजायची. मग त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. नसलेल्या मुंग्या हातानं झटकायचे. मला ओळखेनात. तात्या म्हणाले, "देव कस लावून पाहून राह्यला. आता घोटभर बी पाजली तर सगळं गेलं." आणि मग त्यांना झटका आला. दात बसले, अंग धनुष्यासारखं वाकलं. दुसरा झटका आला त्यातून ते उठलेच नाहीत.

गल्ली म्हणाली, ज्ञानबा वचनाला जागला. मी तेवढंच पदरात बांधून घेतलं. कुणी आलं की सांगायची, गेले, पण बोलले ते पाळून गेले. दुर्पता ऐकायची आणि काही बोलायची नाही. एरवी तोंडाला कुलूप नसलेली बाई, पण ह्या गोष्टीवर गप्प. मला वाटायचं, जळते माझ्यावर. तिचा नवरा लोळतो गटारात, माझा वचन पाळून गेला. हे एक तरी माझं तिच्यापेक्षा वरचढ होतं.

मग किसनची पाळी आली. गल्लीतल्या माणसांनी त्याला धरून आंघोळ घातली आणि खंडोबापुढं नेला. दुर्पता तेव्हा शेळ्या घेऊन माळावर होती, तिला कुणी विचारलंही नाही. किसन कपाळ पिवळं करून घरी आला. बायको आल्यावर हसत म्हणाला, "सोडली बग." मला वाटलं आता ही नाचणार. ही तर दाराच्या चौकटीला धरून मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काज करत बसले होते, तर भिंतीपलीकडं गलका. किसनला घाम सुटलेला, हात लटलट कापत होते, आणि तात्यांसकट माणसं जमलेली. "निघू द्या, इष हाय," तेच चाललेलं. दुर्पता घरात गेली. बाहेर आली ती किसनचीच अर्धी बाटली आणि पेला घेऊन. सगळ्यांच्या देखत तिनं पेल्यात ओतलं.

तात्या ओरडले, "दुर्पते! बेलभंडारा हाय त्याचा!"

"म्हाईत हाय."

"देवाच्या वचनात इष कालवून राह्यलीस! घरादाराचं वाटोळं होईन!"

"त्येनं उचलला, मोडते मी. वाटोळं व्हायचं ते माझं हू द्या." आणि किसनला म्हणाली, "पी. दवाखान्यापोत्तर कळ काढ."

किसन नको नको म्हणत होता. त्या माणसाच्या डोळ्यात पाणी होतं. तिनं त्याची मान धरली आणि लेकराला औषध पाजावं तशी पाजली. एक बाई नाही उरली जिनं कानाला हात लावला नाही. मी तर मनात खूशच झाले, खरं सांगते. म्हटलं, आता कळेल हिला. माझ्या मालकांनी जीव दिला पण थेंब घेतला नाही, आणि हिनं नवऱ्याला दुसऱ्या दिवशीच बाटवला.

तेवढ्यात तिची नजर भिंतीवरून माझ्याकडं आली.

"शारदे, चप्पल घाल."

"मी काहून?"

"चल म्हंते ना!"

कशी गेले कुणास ठाऊक. तिनं हाक मारली की शेळ्याही जायच्याच ना. फाट्यापर्यंत कुणाच्या तरी टेम्पोत, तिथून जीपनं हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात. किसन दोघींच्या मधे कापत बसलेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, रोज किती पितो, कधीपासून, बंद केली की काय होतं. किसन खाली मान घालून बसला. तर दुर्पतानं माझा हात धरून मला पुढं ढकललं.

"हिला इचारा बाई. हिच्या मालकानं एकदम सोडली व्हती. हिनं समदं पाह्यलंय. सांग शारदे. बराबर सांग. मुंग्याचं सांग, झटक्याचं सांग. कायबी ठिऊ नको."

ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. लोकांना वचन पाळल्याचं सांगत होते, मुंग्यांचं नव्हतं सांगत. पण बाई मान हलवत होत्या, आणि मी सांगत गेले. बशी, घाम, ओकाऱ्या, भिंत, मुंग्या, मला न ओळखणं, दात बसणं. बोलता बोलता मी ओरडायलाच लागले होते.

बाई हळूच म्हणाल्या, "ते विष निघत नव्हतं मावशी. रोज भरपूर पिणाऱ्याच्या शरीराला दारूची सवय झालेली असते. ती एकदम तोडली तर हात कापतात, भास होतात, झटके येतात. जीवही जातो. सोडायची तर इथं येऊन, आमच्या नजरेखाली. गोळ्या, सुया, सलाईन देऊन हळूहळू उतरवतो आम्ही. शपथ घ्यायची तर घ्या, पण आधी इथं या."

मग दुर्पतानं बाटलीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "घरी पाजून उपचार करायचे नसतात, सरळ इथं आणायचं. पण शपथ मोडेल म्हणून तुम्ही त्यांना घरात झाकून ठेवलं नाहीत, ते फार बरं केलंत."

"मला काय कळतंय बाई. हिच्या घरी पाह्यलं म्हून."

आता तुम्ही सांगा, मला काय वाटलं असेल? माझा नवरा वाचला असता. एक जीप केली असती तर वाचला असता. आणि तो मेलेला पाहून हिनं आपला वाचवला! माझ्या घरचं मरण ही शिकून घेऊन गेली, जशी वाटीभर कालवण घेऊन जायची तशी. तिच्या घरावर आधी वेळ आली असती तर तिनंही पायच चोळले असते, आणि मी भिंतीवरून बघून शिकले असते. तिचा नंबर माझ्यानंतर लागला, एवढंच. मला त्या वेळी तिचे केस धरून ओढावेसे वाटले. ओढले नाहीत, कारण ती माझा हात सोडतच नव्हती.

किसनला भरती करून घेतलं. पहिले दिवस वाईट गेले. बडबडला, पलंगाला धरून कापला, पण सिस्टर सारख्या येऊन बघत होत्या, औषध देत होत्या, आणि झटका आला नाही. मी मधे एकदा भाकरी घेऊन गेले तर हा उठून बसून चहा पीत होता. बशी दोन्ही हातांनी धरलेली, सांडत होता, पण पीत होता. दुर्पता मला म्हणाली, "बग गं!" मी म्हटलं, "बघितलं." दवाखान्याच्या मागं जाऊन मी पोटभर रडले आणि तोंड धुऊन गावाकडची जीप धरली.

गावात आल्यावर बैठक बसलीच. तात्या म्हणाले, देवाचा अपराध झालाय. दुर्पता म्हणाली, "झालाय. मी देवाशी बोलते, तुमी मधी नगा पडू." आणि खरंच देवळात गेली. आम्ही बाया बाहेर. आतून तिचा आवाज चांगला मोठ्यानं येत होता, "तुला बेल वाह्यलाय, भंडारा वाह्यलाय, माझं कुकू कशाला पायजे व्हतं रे तुला?" देवाला असं कुणी बोलतं का? मी माझ्या मालकांच्या वेळी त्याच दगडी पायरीवर नुसतं डोकं टेकवून आले होते.

लोकांना वाटेल किसन मग साधुसंत झाला. कसला! एका लग्नात प्यायला. पण दुर्पताचा त्याला एकच नियम होता. "पिलास तर येऊन सांग. लपून पिलास तर मला कसं कळंन तुला कवा न्यायचं?" तो घरी येऊन रडत सांगायचा, ती सकाळी त्याला जीपमधे घालायची. बाई रागवायच्या नाहीत, परत गोळ्या लिहून द्यायच्या. असं करत करत तो माणसात आला. संध्याकाळी दोघं ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसायची आणि भांडायची. मेंढी कुणी विकली, दावं कुणी हरवलं, तूच बहिरा, तूच बहिरी. मी माझी खिडकी धाडकन लावून घ्यायची. घरात भांडायला मला कोण होतं? मशीन?

मग तिच्या पोटात गाठ निघाली. नांदेडला नेली, आणि ती हिरव्या लुगड्यातच परत आली.

ती गेल्यावर किसन सुटला. दुःखात आहे म्हणून त्याला पाजायला माणसांची काही कमी नव्हती. सकाळपासून पुन्हा सुरू. आणि एक दिवस सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. डोळे लाल, तोंडाला वास, पण हातात बेलाचं पान.

"वयनी, बास झालं. आज तिच्या नावानं बेलभंडारा उचलतो. तात्याला सांगून आलो. आजपसून थेंब न्हाई."

मी मशीनवरून उठले आणि त्याच्या हातातलं पान हिसकून घेतलं.

"खबरदार! मुडद्या, मरायचंय का तुला? आधी दवाखाना!"

गल्लीतून तात्या येत होते भंडाऱ्याची वाटी घेऊन. मी दारातूनच ओरडले, "तात्या, ती वाटी माघारी न्या. ह्यो दवाखान्यातून आल्यावर काय उचलायचं ते उचलू द्या." सासऱ्यासारख्या माणसापुढं आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला. तात्या वाटी घेऊन तिथंच थांबले.

मीच नेलं त्याला हिंगोलीला. बाई बदलून गेल्या होत्या, नवे डॉक्टर होते. त्यांनाही मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण यांच्या? मी म्हटलं, शेजारीण. किसन आता बरा आहे. मेंढरं घेऊन जातो, गोळ्या वेळेवर घेतो. चुकला तर माझ्या दारात येऊन उभा राहतो, आणि मी चप्पल घालते.

गल्ली म्हणते, शारदाबाईच्या अंगात एवढी दया कुठून आली? दया कसली? त्याचं कारण फाट्यावरचं आहे. दुर्पताला शेवटची जिवंत पाहिली ती तिथं, नांदेडच्या जीपमधे. खिडकीशी बसलेली, तोंड सुकून एवढंसं झालेलं, आवाज मात्र तोच. मी सोडवायला गेले होते. तिनं बोटानं जवळ बोलावलं.

"शारदे, मी माघारी आले न्हाई तर ह्यो पिईन. मंग भंडारा घेऊन येतीन हे लोकं. तू उचलू दिऊ नको."

"मी काहून? तुझी लेक हाय ना."

"लेक लांब हाय तिच्या घरी. तू रोज भितीवरून पाहतीस."

"मी? कवा पाह्यलं मी?"

"रोज. आमी जेवताना, भांडताना. खिडकी लावतीस आन् फट ठिवतीस." ती हसली, ते पांढरेशुभ्र दात. "जळतीस तू माझ्यावर. मला का कळत न्हाई व्हय? आगं, तुझ्याइतकं ह्येच्यावर कोन ध्यान ठिवन? जळ तू. पर पाहनं सोडू नको."

आजूबाजूची माणसं ऐकत होती. मी मोठ्यानं म्हटलं, "जा गं सटवे! मला काय दुसरं काम न्हाई?"

ती खिदळली. जीप सुरू झाली. तिचा पदर दारातून बाहेर लोंबत होता, तो किसननं वाकून आत ओढला आणि तिच्या खांद्यावर नीट टाकला. तेही मी पाहिलं.